मदत हवी आहे: डायनासोरवेड्या मुलासाठी घरी करण्यासारखे उपक्रम (मु. फैजपूरजवळ)

केळीचं_पान:
नमस्कार मंडळी. मोठा ८ वर्षांचा, धाकटी ५ ची, दोघांचं होमस्कूलिंग चालू आहे. या पावसाळ्यात मोठ्याच्या डोक्यात डायनासोर शिरलाय. जेवताना तेच, अंघोळीला तेच, ठिबकच्या नळ्या बघायला बागेत गेलो तरी तेच. पुस्तकं झाली, व्हिडिओ झाले, आता त्याला हाताने काहीतरी करायचंय.

ऑनलाइन किट मागवलं होतं. प्लास्टरचा गोळा, आत प्लास्टिकचं हाड. दहा मिनिटांत फोडून मोकळे. मग मीच पीओपी आणलं. हाताचे ठसे घेऊ म्हणून घमेल्यात कालवलं, पोरांनी हात बुडवले. ते घट्ट होताना इतकं तापतं हे मला कुठे ठाऊक! धाकटी किंचाळली, नशीब लगेच हात काढले. उरलेलं मोरीत ओतलं, तर दुसऱ्या दिवशी मोरी तुंबली आणि पाईप कापावा लागला. सासरे अजून त्या पाईपकडे बघत चहा पितात.

आमचं माळकरी घर, त्यामुळे 'कोंबडीची हाडं उकळून सांगाडा जोडा' हे बाद. आणि मोठा रोज खुरपं घेऊन बांध उकरतो, "आपल्या शेतात डायनासोर सापडेल का?" मी "बघू" म्हणून बसलेय. सापडेल का हो? नसेल तर त्याला काय सांगू?

काळा_पाषाण (धुळे):
ताई, नाही सापडणार. सरळ सांगून टाका, पण का ते दाखवा. यावल-रावेर पट्ट्यात वर तापीचा खोल गाळ आणि त्याखाली आपला काळा पाषाण, म्हणजे दख्खनचा थिजलेला लाव्हा. हा लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरला, डायनासोर संपले त्याच सुमारास. त्यांची हाडं-अंडी मिळतात ती बहुतेक त्याच्या खालच्या लॅमेटा नावाच्या गाळखडकात. तो खडक उघडा पडलाय तो जबलपूरला, नर्मदा खोऱ्यात, गुजरातेत बालासिनोरजवळ रहिओलीला, आणि आपल्या राज्यात चंद्रपूरकडे. रहिओलीचा राजासॉरस तर २००३ साली नाव मिळालेला अस्सल देशी शिकारी. टी-रेक्सच्या नादात पोरांना तो माहीतच नसतो.

लाव्हा दाखवायला पिठलं रटरटू द्या. फुटणारे बुडबुडे दाखवा, मग गार झाल्यावर राहिलेली भोकं. पाषाणात अशीच वायूची भोकं राहिली आणि पुढे त्यांत स्फटिक भरले. तुमच्या शेजारच्या सावद्याचं नाव या स्फटिकांमुळे जगभरच्या संग्राहकांना माहीत आहे, अपोफिलाइट, स्टिल्बाइट वगैरे. खाणीत मात्र पोरांना नेऊ नका, सुरुंग लागतात. खडीच्या ढिगात शोधा, पांढरं चमकणारं काहीतरी हमखास मिळतं. कधी साक्री-नंदुरबारकडे आलात तर माळावरून सरळ गेलेल्या काळ्या दगडाच्या भिंती दाखवा. कोणी बांधलेल्या नाहीत, जमिनीच्या भेगांत लाव्हा शिरून थिजलाय.

खरी अंडी बघायची तर शिरपूर, सेंधवा, बडवानी करत धार जिल्ह्यातल्या बाग गावाकडे जा. त्या भागातल्या ९२ घरट्यांतल्या २५६ अंड्यांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झालाय. त्याच वर्षी तिथल्या एका गावात असे गोल दगड कुलदेवता म्हणून पुजले जात असल्याच्या बातम्या आल्या होत्या. तिथून काही उचलून आणायचं नाही, हे पोरांना निघण्याआधीच सांगा.

पाटी_पेन्सिल:
शाळेत घाला, सगळं शिकवतात.

केळीचं_पान:
दादा, तो प्रश्न नव्हता.

चाळीसगावची_मावशी:
माय वं, मोरीचं वाचून हसू आवरेना. आमच्याकडे बेसिन होतं, एवढाच फरक.

ओल्या पीओपीला हात लावायचाच नाही. दोन वाट्या पावडरला एक वाटी पाणी. आधी पाणी, मग त्यात पावडर भुरभुरायची, जुन्या प्लास्टिकच्या डब्यात. उरलं तर डब्यातच घट्ट होऊ द्या, मग डबा दाबला की ढेप सुटते. आणि हाडं नकोत तर पाऊल घ्या. कोणाच्या तरी अंगणात कोंबड्या असतीलच. ओल्या चिखलावर ज्वारी टाका, कोंबडी चालून गेली की एक चांगला ठसा बघून भोवती पुठ्ठ्याची पट्टी खोचा आणि ओता. अर्ध्या तासाने उचला. तीन बोटं पुढे, राजासॉरसच्या जातकुळीतल्यांची पावलंही तीन बोटांचीच. कोंबडी ही डायनासोरांचीच वंशज, हे सांगायला मग हाडं लागत नाहीत.

काळासाठी जुनी साडी घ्या. १ सेंटिमीटर म्हणजे १ कोटी वर्षं. पदराचं टोक म्हणजे आज. तिथून ४६० सेंटिमीटरवर पृथ्वीचा जन्म. मोठ्यालाच मोजू द्या. डायनासोर सुमारे २३ वर येतात, ६.६ वर जातात. स्टेगोसॉरस १५ वर, टी-रेक्स सातच्या आत. म्हणजे टी-रेक्स स्टेगोसॉरसपेक्षा आपल्याला जवळचा! माणसाला जागा फक्त शेवटच्या धाग्याएवढी.

आकारासाठी तुमची बाग आहेच. पाच फुटांवर केळीची लागण असेल तर टी-रेक्स म्हणजे आठ अंतरं. तोंडापाशी एक पोर, शेपटीपाशी दुसरं.

धाकटीला शी आवडेल. चंद्रपूरकडच्या पिसदुऱ्याला डायनासोरांच्या शेणाचे दगड मिळतात. त्यांत गवताचे सूक्ष्म अंश सापडले आणि डायनासोरांच्या काळात गवत होतं हे २००५ साली कळलं. मातीचे गोळे करा, कशात ज्वारीचा कोंडा, कशात माशाचे काटे (तुमच्याकडे काटे नकोत, नारळाच्या शेंड्या चालतील). वाळले की फोडून कोणी काय खाल्लं ते ओळखायचं. आमच्याकडे हा खेळ आठवडाभर चालला, बाकीचे एकेका दुपारीत संपले.

आणि मोठ्याचं खणायचं वेड मोडू नका. आमच्या चाळीसगावजवळच्या पाटणे गावी उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळालेत, साधारण २५ हजार वर्षांपूर्वीचे. खानदेशात शहामृग! डायनासोर नसला म्हणून काय झालं. नारळाच्या करवंटीचे तुकडे घासून मणी करून बघू द्या, एक मणी करायला किती वेळ लागतो ते कळतं.

केळीचं_पान:
मावशी, दादा, मनापासून आभार. सासूबाईंची जुनी नऊवारी ओट्यापासून गोठ्यापर्यंत अंथरली. खडूने खुणा केल्या. मोठा २३ वर बसला तो जेवायलाही उठेना. सासूबाई पदरापाशी वाकून म्हणाल्या, "मग पांडुरंगाची अठ्ठावीस युगं कुठे आली यात?" मोठा पट्टी घेऊन आजीशी वाद घालतोय.

'सापडणार नाही' सांगितलं. पाच मिनिटं रुसला, मग शहामृगासाठी खुरपं परत घेतलं.

कोंबडीचं पाऊलही निघालं. फक्त माती झटकताना मधलं बोट तुटलं. फेविकॉलने चिकटेल का, की पुन्हा ओतू?