मदत हवी आहे: पॅनिंग शिकवायला जागा सुचवा

रविवारी सकाळी नवशिक्यांना फोटोग्राफी शिकवतो. पुढचा विषय पॅनिंग: शटरचा वेग १/३० सेकंदाच्या आसपास ठेवून धावत्या सायकलीबरोबर कॅमेरा फिरवायचा, म्हणजे सायकल स्पष्ट आणि मागचं सगळं रेषारेषांचं. पहिल्यांदा जमलं की चेहरे बघण्यासारखे होतात! मरीन ड्राइव्हला करून पाहिलं. सायकली भरपूर, पण मागे नुसता समुद्र नि आकाश. त्यात रेषा उमटतच नाहीत. रेल्वेचा फलाट नको, परवानगीचा प्रश्न येतो. निम्मे जण मोबाइलवाले. ऊन चढलं की एवढ्या मंद शटरला त्यांचा फोटो जास्त प्रकाशाने पांढरा पडतो, त्यामुळे सातच्या आत सुरुवात हवी. दादर ते अंधेरीदरम्यान, मागे जवळच झाडं किंवा रंगीत भिंत, सकाळी सायकली जातात आणि आठ-दहा जणांना सुरक्षित उभं राहता येईल, असा रस्ता कुठला?