‘घर होईपर्यंत कॅरव्हॅनमध्ये राहा’ : या सल्ल्याला माझा ठाम विरोध

दारामागची:
काल एकाने लिहिलं, ‘घर बांधून होईपर्यंत प्लॉटवर कॅरव्हॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) आणा, सगळं कुटुंब तिथेच राहा. भाडं वाचतं, कामावर नजर राहते, मुलं काटक होतात.’ खाली शाबासकीची रांग. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

भाडं वाचतं, कबूल. पण उरलेलं सामान गोदामात ठेवायचं भाडं, सिलिंडर, बाहेर धुवून वाळवून आणायचे कपडे, हे का धरत नाही? फिरतीच्या कॅरव्हॅनचा विमा बहुतेक वेळा सुट्टीतल्या वापरापुरता असतो. कायमचं राहताय हे कळवलं नाही, तर नुकसानीच्या वेळी कंपनी हात वर करू शकते.

आणि जो सकाळी नोकरीला जातो, तो तिथे फक्त झोपायला येतो. जी मुलांबरोबर थांबते तिचा अख्खा दिवस त्या बोळात जातो. जेवायचं टेबल मोडून पलंग करायचा, मग धाकटा झोपला की थोरलीने अभ्यास कुठे करायचा? आम्हीही असेच राहिलो, तेव्हा आमची थोरली कॅरव्हॅनच्या पुढच्या भागात बसून, मांडीवर वही घेऊन, टॉर्चच्या उजेडात लिहायची. काटक वगैरे काही झाली नाही, चिडचिडी झाली.

प्लिंथपासून:
तो सल्ला माझाच. तुम्हाला जमलं नाही म्हणून कुणी करूच नये?

एका सकाळी बाहेर आलो तर पायाच्या सळयांखाली कव्हर ब्लॉकच (सळई वर उचलून धरणारे छोटे ठोकळे) नव्हते, सळई थेट खाली टेकलेली. काँक्रीटची गाडी यायच्या आत लावून घेतले. दूर राहत असतो तर संध्याकाळी वरचा गुळगुळीत थर बघून खूश झालो असतो आणि सळई आतून गंजत राहिली असती. काँक्रीटवर पाणी मारायलाही आम्हीच. सुट्टीच्या दिवशी कुठला कंत्राटदार येतो हो? रात्री वायर, पाइप, अवजारं चोरीला जातात ती वेगळीच. भाड्याच्या घरात बसून हे राखता येत नाही.

ओलघालवा:
जागा आणि पैसा यावर भांडताय, ओलीवर कुणी बोलत नाही. सिलिंडरमधला एक किलो प्रोपेन गॅस जळला की सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ होते. त्यात स्वयंपाकाची वाफ, माणसांचे श्वास, ओले टॉवेल. भिंती इंच-सव्वा इंच जाडीच्या. ती वाफ गारठ्यात गादीखाली आणि कपाटामागे जाऊन बसते. आमच्या मुलाच्या गादीची खालची बाजू काळी पडली होती आणि त्याचा खोकला जाता जात नव्हता. गादीखाली हवा खेळायला फळ्यांची जाळी टाका आणि खिडकी थोडी उघडी ठेवा, भर थंडीतसुद्धा.

उबदार_कोपरा:
थंडीत खिडकी उघडी? आम्ही जमिनीतल्या आणि छतातल्या जाळ्यांवर टेप मारली, गॅसचा हीटर लावला. मस्त ऊब.

ओलघालवा:
ती टेप आत्ता, हे वाचता वाचता काढा! त्या जाळ्या चुकून राहिलेल्या फटी नाहीत, हवेसाठी मुद्दाम ठेवलेल्या आहेत. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, माणूस सर्दी समजून झोपतो. मुलं झोपतात तिथे हे करताय?

उबदार_कोपरा:
ओरडू नका. एवढी भीती होती तर आधी कुणी का नाही सांगितलं?

सोळा_अँपियर:
विजेचा हीटर घ्या, विषय संपला.

ओलघालवा:
नाव सोळा अँपियर आणि हे बोलताय? कॅरव्हॅनची वीजजोडणी बहुधा सोळा अँपियरचीच असते, २३० व्होल्टला ते म्हणजे जेमतेम ३,७०० वॉट. दोन हजारांचा हीटर चालू असताना किटली लावली की खटका पडलाच.

सोळा_अँपियर:
मग किटली गॅसवर ठेवा! आणि गॅस म्हणजे प्रोपेनच. सिलिंडरमध्ये मिळणारा दुसरा गॅस, ब्युटेन, शून्य अंशाच्या आसपास सिलिंडरमधून बाहेरच येत नाही. आम्ही हे कळायच्या आत ऐन हिमात गार पाण्याने भांडी घासलीत.

प्लिंथपासून:
धागा गॅसचा नाहीये.

दारामागची:
माझ्या लेखी आहेच. ‘भाडं वाचतं’ असं लिहिणाऱ्याने यातली एक तरी ओळ लिहिली होती का? सळयांचं मान्य करते, नाइलाजाने. पण सळया बघायला एक माणूस पुरतो. त्यासाठी शाळेतली पोरं कशाला कोंडायची?

प्लिंथपासून:
एक माणूस इथे, बाकीचे तिथे, म्हणजे भाडं आलंच की.

दारामागची:
येऊ दे. स्लॅबपासून दारं-खिडक्या बसेपर्यंतचे गारठ्याचे महिने तरी मुलांना पक्क्या भिंतीत ठेवा. आणि तुमच्या घरात दिवसभर आत कोण होतं? त्यांना लिहू द्या.

प्लिंथपासूनची_बायको:
लिहिते. निर्णय दोघांचा होता, मला कुणी कोंडलं नव्हतं. कामावरची निम्मी भांडणं मीच केलीत. पण ‘मुलं काटक होतात’ हे मला न विचारता लिहिलंय. सगळ्यात त्रास झाला तो संडासाच्या टाकीचा. वीसेक लिटरची टाकी, चार माणसांत ती बघता बघता भरते आणि दिवसा ती ओतायला घरी मीच असायचे. पुन्हा बांधायचं झालं तर आधी मैलावाहिनी जोडून घेईन, बाजूला दार लागणारी एक पत्र्याची खोली उभारीन, आणि मगच कॅरव्हॅन आणू देईन.

उबदार_कोपरा:
टेप काढली. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म छताला लावायचा की पलंगाजवळ?