मदत हवी आहे: अँजिओग्राफीच्या संमतीवर अँजिओप्लास्टी करता येते का?

नमस्कार मंडळी,

हर्नियाच्या शस्त्रक्रियेआधी केलेल्या स्ट्रेस टेस्टमध्ये (श्रम करताना हृदय कसे चालते याची चाचणी) दोष दिसल्यामुळे माझ्या वडिलांना एका खाजगी रुग्णालयात अँजिओग्राफीसाठी, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील अडथळे शोधण्याच्या तपासणीसाठी, दाखल केले होते. छातीत दुखत नव्हते, तातडीही नव्हती. तपासणी चालू असतानाच डॉक्टरांनी बाहेर येऊन धाकट्या भावाला पडद्यावर अडथळा दाखवला, ‘आत आहोतच, तर स्टेंट आत्ताच टाकून घेऊ’ असे सांगितले (म्हणजेच अँजिओप्लास्टी: अडथळा मोकळा करून रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी, स्टेंट, बसवणे) आणि त्याची सही घेतली. अँजिओग्राफीसाठी केवळ मनगटाची जागा बधिर केलेली असल्यामुळे वडील त्या वेळी पूर्ण शुद्धीवर होते, परंतु त्यांना कोणी विचारलेच नाही.

स्टेंट उत्तम बसला आहे. डॉक्टरांच्या कौशल्याविषयी तक्रार नाही. मात्र रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून चालू केलेल्या दोन गोळ्या मध्येच थांबवता येत नसल्यामुळे हर्नियाची शस्त्रक्रिया काही महिने लांबली आहे. आधी कल्पना दिली असती, तर ‘तूर्त औषधांवर भागेल का’ एवढे तरी वडिलांनी विचारले असते.

समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, उपचाराचे स्वरूप, फायदे, पर्याय, मोठे धोके आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम रुग्णाला पुरेसे सांगितले पाहिजेत, आणि निदानापुरती दिलेली संमती उपचाराला लागू होत नाही. अपवाद फक्त जीव किंवा प्रकृती वाचवण्यासाठी थांबणे योग्य नसेल तेव्हाचा. तेथे रुग्ण भुलीखाली असताना आईने दिलेली संमतीही ग्राह्य धरली गेली नाही. आमचा रुग्ण तर बोलत होता!

अडचण अशी की, निदान व उपचार यांसाठी एकत्रित संमती घेण्यास हाच निकाल मुभा देतो. वडिलांनी सही केलेल्या छापील इंग्रजी फॉर्मची जी प्रत आम्हाला मिळाली, तिच्यात ‘अँजिओग्राफी’ हा शब्द एका हस्ताक्षरात आणि पुढचे ‘गरजेनुसार अँजिओप्लास्टी’ दुसऱ्याच हस्ताक्षरात आहे. ही भर सहीनंतरची आहे हे ग्राहक आयोगापुढे कसे दाखवावे? मूळ कागद मागवून घेता येतो का? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणे हीसुद्धा सेवेतील त्रुटी मानली आहे. आमची तक्रार त्या आधारावर टिकेल, की निष्काळजीपणाच सिद्ध करावा लागेल?

कोहली प्रकरणातही भरपाई अवघी २५ हजार रुपये होती, त्यामुळे पैशांची मोठी अपेक्षा नाही. तक्रारीची दोन वर्षांची मुदत अजून शिल्लक आहे. स्टेंटच्या बाबतीत असा दावा लढवलेल्या कोणाचा अनुभव असल्यास, विशेषतः जिल्हा आयोगाने स्वतंत्र हृदयरोगतज्ज्ञाचे मत मागितले होते का, हे कृपया सांगावे.