अणू, अणु आणि ३२ ग्रॅम ऑक्सिजन

पालक, महाल
मुलगा अकरावी सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी शाळा, आता कॉलेजात सगळं इंग्रजी, आणि ट्यूशनचे सर समजावतात हिंदीत. परवा चाचणीत ३२ ग्रॅम ऑक्सिजन वायूतले ‘ॲटम’ मोजायला दिले होते. यानं ६.०२२ × १०²³ लिहिलं, फुली बसली. वही उघडली तर त्याच्याच अक्षरात वाक्य आहे, ‘एक मोल ऑक्सिजनमध्ये ६.०२२ × १०²³ अणू’. सर म्हणतात, मी बरोबरच सांगितलं. पोरगा म्हणतो, सरांचंच उतरवून घेतलं. खोटं कोण बोलून राहिलं? आणि सांद्रता, संहती, तीव्रता हे तिन्ही एकच का, तेही सांगा.

निवृत्त शिक्षक
ताई, खोटं कोणीच बोललं नाही. हिंदीत मॉलिक्यूलला ‘अणु’ म्हणतात, ॲटमला ‘परमाणु’. मराठीत ॲटम म्हणजे ‘अणू’ आणि मॉलिक्यूल म्हणजे ‘रेणू’. सरांचं वाक्य हिंदीत शंभर टक्के खरं होतं. मुलानं मराठीच्या सवयीनं शेवटचा उकार दीर्घ केला, तेवढ्यानं ते खोटं झालं.

ऑक्सिजनच्या एका रेणूत दोन अणू. ३२ ग्रॅम म्हणजे ऑक्सिजनच्या रेणूंचा एक मोल. त्यामुळे त्यात रेणू ६.०२२ × १०²³, पण अणू दुप्पट, म्हणजे १२.०४४ × १०²³. प्रश्नात हेलियम असता तर चूक झाकून गेली असती, कारण त्याचे अणू एकेकटेच राहतात. पुण्या-साताऱ्याच्या पोराला ही ठेच सहसा लागत नाही. आपलं नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं. हिंदी इथं पाहुणी नाही, घरातलीच आहे.

मी वर्गात एवढंच सांगायचो: शब्द एकटा पाहू नका, जोडी पाहा. सोबत रेणू असेल तर अणू धाकटा. सोबत परमाणु असेल तर अणु थोरला. पोराला आता ओझोनचं गणित द्या: ४८ ग्रॅममध्ये अणू किती?

इतवारीकर
मग भाऊ, अणुबॉम्ब मोठा की परमाणु बम?

निवृत्त शिक्षक
एकच आहे ना बाप्पा.

संस्कृतची विद्यार्थिनी
यात हिंदी जुन्या वाटेच्या जवळ आहे. वैशेषिक या जुन्या भारतीय दर्शनात परमाणू हा शेवटचा, न तुटणारा कण. दोन परमाणूंचं द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचं त्र्यणुक. झरोक्यातून आलेल्या उन्हात जो धुळीचा कण नाचताना दिसतो, ते त्र्यणुक. त्यालाच त्रसरेणू असंही म्हणतात. रेणू म्हणजे मुळात धूळच. मला मराठीची जोडी जास्त आवडते, कानाला दोन शब्द चटकन वेगळे कळतात.

इतवारीकर
आणि हे मोल? आमच्या दुकानात मोल म्हणजे भाव.

निवृत्त शिक्षक
तुमचं मोल ‘मूल्य’वरून आलं, मोलमजुरीतलं. हे दुसरं जर्मनीचं. ऑस्टवाल्ड या रसायनशास्त्रज्ञानं १८९०च्या दशकात ‘मोलेक्यूल’ या जर्मन शब्दाचं शेपूट कापून ते रूढ केलं. डझनासारखं समजा, फक्त डझन फार मोठं. आधी १२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जितके अणू तितक्या कणांचा एक मोल मानत. २० मे २०१९ पासून आकडाच ठरवून टाकला, ६.०२२१४०७६ × १०²³. त्यात आता कार्बनची गरज नाही. मात्र मोल कशाचे हे सांगावंच लागतं. नुसतं ‘एक मोल ऑक्सिजन’ म्हणणं म्हणजे ‘एक डझन चपला’ म्हणण्यासारखं. जोड की नग?

लॅबमध्ये काम करणारी
दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगते. हिंदीची सांद्रता तीच मराठीची संहती: द्रावणात द्राव्य किती आहे ते. तीव्रता म्हणजे आम्लाचे रेणू पाण्यात किती सहज तुटतात ते; ती त्यात मिसळू नका. ‘तीव्र आम्ल’ आणि ‘संहत आम्ल’ या दोन गोष्टी आहेत. व्हिनेगरमधलं ॲसिटिक आम्ल कितीही संहत केलं तरी सौम्यच; हायड्रोक्लोरिक पाणी घालून विरल केलं तरी तीव्रच. सौम्यचं उलट तीव्र, विरलचं उलट संहत. मराठी पुस्तकं शिकलेली मुलंसुद्धा इथं गडबडतात, कारण बोलताना आपण सगळ्यालाच ‘कडक’ म्हणतो.

संहती आपल्या घरात रोज मोजली जाते. एकतारी पाक, दोनतारी पाक, गोळीबंद पाक. बोटांत तार धरून पाहायची, साखर किती ते कळतं. लॅबमध्ये बोट चालत नाही, म्हणून मोल. सलाईनच्या बाटलीवर ०.९ टक्के लिहिलेलं असतं. अर्ध्या लिटरमध्ये साडेचार ग्रॅम मीठ. मिठाचा एक मोल ५८.४४ ग्रॅमचा, म्हणजे बाटलीत ०.०७७ मोल. लिटरला ०.१५४, ही झाली मोलॅरिटी.

मोलॅलिटी वेगळी, एका अक्षराचा फरक. ती लिटरवर नाही, एक किलो द्रावकावर, म्हणजे ज्यात विरघळवतो त्यावर मोजतात. आमच्याकडे मे महिन्यात हा फरक दिसतो. पाणी २० वरून ४० अंशांवर गेलं की सुमारे ०.६ टक्के फुगतं, मोलॅरिटी तेवढी उतरते. किलो मात्र उन्हानं फुगत नाही, त्यामुळे मोलॅलिटी जागची हलत नाही. एसी बंद पडलेल्या दुपारी केलेलं टायट्रेशन, म्हणजे थेंब थेंब घालून संहती मोजणं, मी तरी पुन्हा करते.

पालक, महाल
ओझोनचं गणित सोडवलं त्यानं. ४८ ग्रॅम म्हणजे एक मोल, एका रेणूत तीन अणू धरून १८.०६६ × १०²³ आलं. उत्तरापुढे कंसात लिहिलंय: ‘मराठी अणू’.