शिडाच्या बोटीवर डिझेल हीटर: एक्झॉस्ट, डिझेलची नळी आणि बॅटरी

सोलेंटकर:
साउदॅम्प्टनजवळ हॅम्बल नदीत बोट हिवाळाभर पाण्यातच असते. ३२ फुटी, फायबरग्लासची. इंजिनाची डिझेल टाकी ७० लिटरची, आतल्या वापरासाठी ११० ॲम्पिअर-अवरची एकच बॅटरी. २ किलोवॉटचा गरम हवेचा हीटर, एबरस्पेखर किंवा वेबॅस्टो, उजवीकडच्या कॉकपिट लॉकरमध्ये बसवायचा आहे. एक्झॉस्ट बाजूने काढू की मागे ट्रान्समवर (बोटीच्या मागच्या सपाट भिंतीवर)? इंजिनाच्या डिझेल नळीला टी (तीन तोंडांचा जोड) लावून भागेल का? आणि या एका बॅटरीवर रात्र निघेल का?

दर्यासारंग:
ट्रान्समवर, आणि जमेल तितका उंच. बाजूने काढलात तर बोट त्या अंगावर कलली की तोंड पाण्यात जातं, आणि बंदरात नेमका त्याच्यासमोर फेंडर (धक्का झेलणारी उशी) लटकला तर वितळतो. पण ट्रान्समवरही मागची लाट आपटतेच. म्हणून हीटरमधून निघालेली नळी आधी डेकच्या तळापर्यंत वर न्या, तिथे हंसाच्या मानेसारखा वळसा द्या आणि मग उतरत बाहेरच्या फिटिंगला जोडा. वळसा दिला की हीटरच्या बाजूला एक खोलगट जागा तयार होते. जळलेल्या डिझेलमध्ये पाण्याची वाफ असते, ती थंड नळीत पाणी होऊन तिथे साठते आणि काही दिवसांनी वाट अडवते. त्या सर्वात खालच्या जागी निचऱ्याचा तुकडा हवाच. त्याचं तोंड मात्र केबिनच्या हवेत उघडं सोडू नका.

गाड्यांच्या किटमधली एक्झॉस्ट नळी आणि सायलेन्सर बोटीत वापरू नका, ही माझी कळकळीची विनंती. गाडीखाली ते उघड्यावर असतात, म्हणून सांधे थोडे गळले किंवा सायलेन्सरला पाणी जायचं भोक असलं तरी चालतं. लॉकरमध्ये मात्र त्यातून गळणारा विषारी कार्बन मोनॉक्साइड वायू साठून झोपायच्या जागेत शिरतो. बोटीसाठीची गॅस न गळणारी स्टेनलेस नळी आणि सायलेन्सर घ्या. बाहेरचं फिटिंग दुहेरी भिंतीचं घ्या, नाहीतर फायबरग्लास करपतो. सांध्यांना उष्णता सोसणारी पेस्ट लावा. आधी नळी उघडी ठेवून तासभर हीटर चालवा, टॉर्च मारून प्रत्येक सांधा पाहा. काळी रेघ दिसली तर गळती आहे. उष्णतारोधक वेष्टण त्यानंतरच गुंडाळा.

खलाशी_लिव्हरपूल:
टी नको. इंजिन आणि हीटर एकाच नळीतून ओढायला लागले की हवा शिरते, आणि त्रास नको तेव्हा इंजिनाला होतो. टाकीच्या माथ्यावर हीटरसाठी स्वतंत्र नळी बसवा, तिचं टोक इंजिनाच्या नळीपेक्षा ४-५ सेंटिमीटर वर ठेवा. डिझेल संपत आलं तर हीटर आधी बंद पडेल, इंजिन चालू राहील, आणि तळाचा गाळही वर येणार नाही.

हीटरची नळी आतून जेमतेम २ मिलिमीटरची असते. ती मोठी करू नका. पंप दर टिकेला ठरावीक थेंबच ढकलतो. मोठ्या नळीत बुडबुडा अडकतो, तो ज्योतीपर्यंत पोचला की ती विझते. जोडताना दोन्ही टोकं सरळ कापून रबरी बाहीत एकमेकांना भिडवा. पंप टाकीजवळ, बाहेरचं तोंड वर करून तिरका, आणि रबरी टेकूवर बसवा. थेट बल्कहेडवर (बोटीच्या आतल्या आडव्या भिंतीवर) ठोकलात तर त्याची टिकटिक रात्रभर उशीत ऐकू येते.

वायरिंगमध्ये सर्वांत जास्त हीटर अडकतात. सुरू होताना ग्लो पिन (तापून डिझेल पेटवणारी कांडी) ८-१० ॲम्प ओढते. जाऊन-येऊन ८ मीटर वायर असेल तर १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्यात १० ॲम्पला जवळजवळ १ व्होल्ट पडतो. ४ चौरस मिलिमीटरमध्ये साधारण ०.३५. बॅटरी थोडी उतरलेली असली तर हाच फरक हीटर पेटणार की नाही हे ठरवतो, कारण १०.५ व्होल्टच्या आसपास तो स्वतःहून बंद होतो. पेटल्यावर १-२ ॲम्प पुरतात, म्हणजे दहा तासांना १० ते २० ॲम्पिअर-अवर. फ्रिज बंद असेल तर तुमची बॅटरी पुरेल. जोडणी बॅटरीवरून थेट, फ्यूजसह. मुख्य स्विचमधून नाही. बंद केल्यावरही हीटर काही मिनिटं पंखा फिरवून गार होतो, मधेच वीज तोडली तर आतले भाग जळतात.

सोलेंटकर:
समजलं, टी रद्द. गरम करायची हवा केबिनमधून घ्यावी की बाहेरून?

नांगर_टाका:
आधी एक ताकीद. जाळायची हवा आणि गरम करायची हवा यांच्या वाटा वेगळ्या. आउटबोर्डच्या पेट्रोलचा डबा किंवा गॅसची टाकी त्या लॉकरमध्ये असेल, तर हीटर तिथे नकोच.

गरम हवेसाठी बाहेरून घेण्याकडे माझा कल आहे. ५ अंशांची अगदी दमट हवा २० अंशांवर नेली की तिची सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास येते, आणि ती आतली ओल ढकलून बाहेर काढते. केबिनचीच हवा फिरवली तर ऊब लवकर येते, पण खिडक्यांवरून पाणी ओघळत राहतं. मात्र बाहेरची हवा वेगळ्या व्हेंटमधून नळीने आणा, एक्झॉस्टच्या तोंडापासून दूर. लॉकरमधली हवा ओढू नका, एखादा सांधा गळला तर तो धूर थेट केबिनमध्ये येईल. गरम हवेची ६० मिलिमीटरची नळी लॉकरमध्ये तरी वेष्टणाची घ्या आणि एक झरोका कधीही बंद न होणारा ठेवा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ईएन ५०२९१-२ मानकाचा, झोपायच्या जागी.

रात्रभर मंद ठेवला तर सकाळी बंद करण्याआधी २० मिनिटं पूर्ण जोरात चालवा. मंद ज्योतीत काजळी धरते, ग्लो पिनची जाळी बुजते आणि सुरू करताना पांढरा धूर येतो. उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा इतकाच वेळ चालवा, म्हणजे पंपात जुनं डिझेल घट्ट होऊन बसत नाही.