स्पॅनिशमध्ये ‘मला हवे आहे’ हे सौजन्याने कसे सांगावे?

ऐरोलीकर (प्रश्न)

नमस्कार. मी ऐरोलीतील एका कार्यालयात काम करतो आणि आमचे काही सहकारी मेक्सिको सिटीत आहेत. त्यांच्या आणि आपल्या घड्याळांत साडेअकरा तासांचे अंतर असल्यामुळे प्रत्यक्ष बोलणे कमी होते आणि बहुतेक व्यवहार ईमेलवरच चालतो. त्यासाठी मी स्पॅनिश शिकू लागलो आहे. सध्या ए-१, म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळीवर आहे. पुस्तकात ‘कियेरो’, ‘केरिया’, ‘किसियेरा’ आणि ‘मे गुस्तारिया’ अशी चार रूपे दिली आहेत आणि चारही ठिकाणी अर्थ जवळजवळ एकच आहे. यांपैकी कोणते केव्हा वापरावे? शिवाय, समोरच्या व्यक्तीने एखादी गोष्ट करावी अशी विनंती असेल, तर वाक्य कसे रचावे? वर्गात सारे इंग्रजीतून समजावले जाते. कोणी थेट मराठीच्या आधाराने सांगितले तर फार बरे होईल.

नौपाड्यातील शिक्षिका

आपला शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण या विषयात मराठी माणसाला इंग्रजीच्या वळणाने जाण्याची मुळीच गरज नाही.

‘कियेरो’ म्हणजे सरळ ‘हवे आहे’, परंतु येथे ‘मला’ येत नाही. हवे असणारी व्यक्ती कर्ता असते आणि क्रियापद तिच्याप्रमाणे बदलते: मी ‘कियेरो’, तू ‘कियेरेस’, आपण किंवा तो ‘कियेरे’, आम्ही ‘केरेमोस’, ते ‘कियेरेन’. मराठीच्या सवयीने ‘मे कियेरो’ असे तोंडात येते, ते कटाक्षाने टाळावे. याउलट ‘मे गुस्तारिया’ची रचना हुबेहूब आपल्या ‘मला आवडेल’सारखी आहे, त्यातील ‘मे’ म्हणजेच ‘मला’. मराठीत ‘मला आंबा आवडतो’ आणि ‘मला आंबे आवडतात’ असा फरक होतो, तसाच तिकडे ‘मे गुस्ता एल मांगो’ आणि ‘मे गुस्तान लोस मांगोस’ असा होतो. आपल्या मुलांना ही रचना चटकन समजते, पण शिकवताना तिचा उलगडा इंग्रजीतून केला की तीच अवघड वाटू लागते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता सौजन्याबद्दल. ‘मला जरा विचारायचे होते’ असे आपण म्हणतो तेव्हा विचारायचे आत्ताच असते, तरी क्रियापद भूतकाळात टाकल्याने मागणीची धार कमी होते. स्पॅनिश नेमके हेच करते: ‘केरिया प्रेगुंतार्ले उना कोसा’, म्हणजे ‘आपल्याला एक गोष्ट विचारायची होती’. ‘किसियेरा’ त्याहून अदबीचे आहे. व्याकरणदृष्ट्या ते बरेच पुढच्या धड्यातले रूप असले, तरी नवशिक्याने ते अख्खे पाठ करून खुशाल वापरावे: ‘किसियेरा पेदिर्ले उन फाबोर’, म्हणजे ‘आपल्याला एक विनंती करायची होती’. दुकानात वा कार्यालयात वस्तू, माहिती, वेळ मागताना ‘किसियेरा’ शोभते. एखादे काम करण्याची इच्छा कळवताना ‘मे गुस्तारिया’ अधिक सहज वाटते.

दुसऱ्याने काही करावे असे म्हणायचे असेल, तेव्हा आपले ‘-वे’ आठवावे. ‘मला यायचे आहे’ यात इच्छा आणि येणे एकाच व्यक्तीचे आहे, म्हणून स्पॅनिशमध्ये मूळ रूप येते: ‘कियेरो बेनिर’. पण ‘आपण यावे अशी माझी इच्छा आहे’ यात व्यक्ती दोन आहेत; तेथे ‘आपण येता अशी माझी इच्छा आहे’ असे मराठीत कोणी म्हणणार नाही, आणि स्पॅनिशमध्येही ‘बियेने’ न म्हणता ‘कियेरो के उस्तेद बेंगा’ असेच म्हणतात. शुभेच्छांमध्ये तर इच्छेचे क्रियापद गळून केवळ ‘के’ उरतो: ‘के तेंगा उन बुएन दिया’ म्हणजे ‘आपला दिवस चांगला जावो’, ‘के से मेखोरे प्रोंतो’ म्हणजे ‘आपल्याला लवकर बरे वाटो’. आपल्या ‘जावो’, ‘वाटो’ या रूपांचे काम तिकडे ‘तेंगा’, ‘मेखोरे’ ही रूपे करतात.

नेरुळकर

ताईंनी फार नेमके सांगितले आहे. मी केवळ प्रदेशाचा मुद्दा जोडतो. स्पेनमधील उपाहारगृहात इच्छेचे क्रियापद न वापरताच ‘मे पोने उन काफे?’ (‘मला एक कॉफी देता का?’) असे विचारतात आणि ते पूर्णपणे सभ्य मानले जाते. कोलंबियात ‘मे रेगाला उन तिंतो?’ असे ऐकू येते. ‘रेगालार’चा मूळ अर्थ भेट देणे असला, तरी येथे कोणी काळी कॉफी फुकट मागत नाही. म्हणून प्रत्येक ठिकाणी ‘किसियेरा’च हवे असा आग्रह धरू नये.

आणखी एक सावधगिरी. ‘कियेरो’ वस्तूसाठी निर्धास्त वापरावे, परंतु ‘ते कियेरो’ या दोन शब्दांचा अर्थ ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ असा होतो. ‘तू अहवाल पाठवावास’ असे लिहिताना ‘के’ सोडून ‘ते’ने सुरुवात करू नये.

ऐरोलीकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ‘यायचे’ आणि ‘यावे’ यांतील फरकामुळे सारे उलगडले. शुक्रवारपूर्वी माहिती मागवण्यासाठी मी असे वाक्य रचले आहे: ‘किसियेरामोस के उस्तेदेस एन्बियेन लोस दातोस आंतेस देल बियेर्नेस.’ हे योग्य आहे का?

नौपाड्यातील शिक्षिका

रचना बरोबर आहे. काटेकोर व्याकरणाप्रमाणे ‘किसियेरामोस’नंतर ‘एन्बियारान’ यायला हवे. तथापि लॅटिन अमेरिकेत ‘एन्बियेन’ही सर्रास वापरले जाते, त्यामुळे आपले सहकारी त्यात दोष काढणार नाहीत. माझा सल्ला मात्र असा की या टप्प्यावर विनंतीसाठी प्रश्नाचा मार्ग घ्यावा: ‘पोद्रियान एन्बियार्नोस लोस दातोस आंतेस देल बियेर्नेस, पोर फाबोर?’ यात क्रियापदाचे मूळ रूपच लागते, आणि ‘पाठवू शकाल का?’ असे विचारल्याने समोरच्याला उत्तर देण्यास मोकळीकही राहते. एकाच व्यक्तीला आदराने लिहीत असाल तर ‘पोद्रिया’ लिहावे. ‘पोद्रिया’, ‘केरिया’ आणि ‘गुस्तारिया’ या तिन्हींत ‘रि’वर आघात असतो, आणि लिहिताना तेथील स्वरावरचे आघातचिन्ह गाळल्यास ती शुद्धलेखनाची चूक ठरते. स्पॅनिशमध्ये प्रश्नाच्या आरंभीही उलटे प्रश्नचिन्ह लागते, तेही विसरू नये.