‘ऑन म्हणजे वर, इन म्हणजे आत’ हे पाठांतर आता थांबवायला हवं

फळा_खडू (धागा यांनी सुरू केला)

गेली अकरा वर्षं मी सांगलीत संध्याकाळी इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेतो. येणारे बहुतेक मराठी माध्यमातले, नोकरी करणारे. काळ येतात, शब्द येतात, पण इन, ऑन, ॲट, टू, बाय या प्रेपोझिशनांपाशी गाडी अडते. माझ्या मते याचं मूळ शाळेच्या भिंतीवरच्या त्या तक्त्यात आहे. टेबलावर मांजर म्हणजे ऑन, खोक्यात मांजर म्हणजे इन. मांजरापुरतं ते बरोबरच आहे. पण मूल पुढे आयुष्यभर मनात मराठी वाक्य जुळवतं आणि आपल्या प्रत्ययाच्या जागी तक्त्यातला शब्द ठेवतं. ‘तिच्याशी लग्न झालं’ म्हणून ‘मॅरीड विथ हर’, हवं असतं ‘टू हर’. ‘विषयाबद्दल चर्चा केली’ म्हणून ‘डिस्कस्ड अबाऊट द टॉपिक’, तिथे ‘अबाऊट’ लागतच नाही.

आपलीच भाषा बघा. आपण शाळेत जातो, कामावर जातो, लग्नाला जातो आणि घरी जातो. जाणं एकच, तऱ्हा चार. ‘घरात गेला’ म्हटलं की तो उंबरा ओलांडून आत गेला, ‘घरी गेला’ तो वेगळा. हे कुणी शिकवलं? ‘कामावर’ हा शब्द अख्खाच कानावर पडला. आणि एखाद्यावर प्रेम करतो, रागावतो, विश्वास ठेवतो, तेव्हा त्या ‘वर’चा उंचीशी काय संबंध? मग इंग्रजी ‘ऑन’नेच नेहमी वर का बसावं?

म्हणून मी नाम आणि त्याच्या आधीचा शब्द एकत्रच द्यावा असं म्हणतो: ऑन द बस, इन द कार, ॲट होम, ऑन लीव्ह. मधला ‘द’सुद्धा सोडायचा नाही. ‘इन फ्रंट ऑफ द बस’ उभा असलेला माणूस रस्त्यावर असतो, ‘इन द फ्रंट ऑफ द बस’ बसलेला माणूस बसमध्ये पुढच्या सीटवर. ‘द नर्स इज इन चार्ज ऑफ द चाइल्ड’ आणि ‘द चाइल्ड इज इन द चार्ज ऑफ द नर्स’ यांत कोण कुणाला सांभाळतंय ते ‘द’च सांगतो. हे तक्त्याने कसं समजणार?

झेडपीच्या_बाई

सर, तुमचं म्हणणं मनापासून वाचलं आणि तितक्याच मनापासून विरोध करते. तुमच्याकडे येणारी माणसं दहा-बारा वर्षं इंग्रजी शिकून आलेली असतात. माझ्याकडे पहिलीची मुलं आहेत. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे, पण घरात आणि वस्तीवर ते कुणीच बोलत नाही. ‘अख्खा शब्द कानावर पडला’ म्हणता, तो पडणार कुठे? आठवड्यातले माझे मोजके तास, बस्स. पोराला धरायला काहीतरी लागतं, आणि ते मांजर त्याला ओळखीचं आहे.

शिवाय मराठीचा आधार दर वेळी दगा देतो असंही नाही. वेळेवर म्हणजे ऑन टाइम, वेळेत म्हणजे इन टाइम. ‘वर’ आणि ‘त’ दोन्ही चपखल बसतात. गाडी वेळेवर आली आणि आपण वेळेत पोचलो, हा फरक माझ्या चौथीच्या मुलांना मराठीमुळेच एका वाक्यात कळला.

भटका_कोकणी

मला दोघांचंही पटत नाही. मुळात बरोबर कुणाचं? ब्रिटिश माणूस ‘ॲट द वीकेंड’ म्हणतो, अमेरिकन ‘ऑन द वीकेंड’. आजारी ब्रिटिश ‘इन हॉस्पिटल’ असतो, आजारी अमेरिकन ‘इन द हॉस्पिटल’. ‘डिफरंट’च्या पुढे फ्रॉम, टू आणि दॅन तिन्ही चालतात. त्यांनी आपसात वेगळं बोललं तर ती बोली, आणि आम्ही ‘डिस्कस अबाऊट’ म्हटलं की ती चूक?

वाक्याच्या शेवटी प्रेपोझिशन नको, हा धाक आम्हाला शाळेत होता. १६७२ मध्ये ड्रायडन या कवीने नाटककार बेन जॉन्सनच्या लिखाणात तो दोष काढला, आणि पुढे दोन-तीनशे वर्षं मास्तरांनी तो नियम म्हणून मिरवला. इंग्रज मात्र रोज ‘व्हॉट आर यू लुकिंग ॲट’ असंच म्हणत राहिले. ‘फॉर टू इयर्स’च्या जागी ‘सिन्स टू इयर्स’ ऐकून कुणाला काही कळत नाही असं होत नाही. भारतीय इंग्रजी भारतीयच राहू द्या. निदान त्या वीस-पंचवीस वर्षांच्या पोरांना बोलताना घाम तरी फुटणार नाही.

पर्यंतची_गोष्ट

कोकणीदादा, तुमचं अर्धं मान्य. उरलेलं अर्धं मला महागात पडलं आहे, ते सांगते.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. परदेशी ग्राहकाला कळवायचं होतं की लिंक शुक्रवारपर्यंत मिळेल. सोमवारी मी लिहिलं, ‘द लिंक विल बी अव्हेलेबल टिल फ्रायडे’. त्यांनी वाचलं की लिंक आत्ता चालू आहे आणि शुक्रवारी बंद होणार. मंगळवारी सकाळी त्यांची चार माणसं ती लिंक शोधत बसली, आणि दुपारी फोनवर मी त्यांचं ऐकून घेत होते. मला ‘बाय फ्रायडे’ म्हणायचं होतं. आपल्या ‘पर्यंत’मध्ये दोन्ही मावतं: शुक्रवारपर्यंत थांब आणि शुक्रवारपर्यंत दे. पहिल्यात काम त्या दिवसापर्यंत चालू राहतं, दुसऱ्यात तो दिवस उलटायच्या आत एकदाच होतं. मराठीत क्रियापदावरून ते आपोआप कळतं. इंग्रजीत ते टिल आणि बाय या दोन शब्दांत वाटलेलं आहे.

‘डिस्कस अबाऊट’वर मला कुणी अडवलं नाही. ‘टिल’वर अडवलं.

भटका_कोकणी

ताई, हे उदाहरण मी खोडू शकत नाही. अर्थ उलटा होत असेल तर शिकवलंच पाहिजे. पण मग फळा_खडू सरांनी सगळ्या चुका एका पोत्यात भरू नयेत. ‘मॅरीड विथ’ने कुणाचं लग्न मोडत नाही.

सामान्यरूप

भाषाशास्त्र शिकते आहे, म्हणून थोडं वेगळं सांगते. सगळे सुट्या शब्दांवर बोलताहेत, मला खरी अडचण क्रमात दिसते. ‘टेबलावरच्या पुस्तकाच्या कव्हरवरचं चित्र’ घ्या. इंग्रजीत ते ‘द पिक्चर ऑन द कव्हर ऑफ द बुक ऑन द टेबल’. माळ तीच, पण ओढायला सुरुवात दुसऱ्या टोकाकडून. आपण टेबलापासून निघून चित्रापाशी पोचतो, ते चित्रापासून निघून टेबलापाशी. आपल्याकडे ‘चा’ कशालाही लागतो: वरचा, कालचा, पुण्याचा. त्यामुळे ‘कॉफीचा कप’ म्हणजे भांडंही आणि त्यातली कॉफीही. इंग्रजीत ‘कॉफी कप’ रिकामा असू शकतो, ‘कप ऑफ कॉफी’ प्यायला मिळतो. इथे मांजराचा तक्ताही अपुरा आणि पाठ केलेलं ‘ऑन द बस’ही अपुरं.

आणि घराबद्दल एक. जुन्या इंग्रजीत नामांना आपल्यासारखे विभक्तीचे प्रत्यय होते. ते झिजले आणि प्रेपोझिशनांवर भार आला. पण ‘गो होम’मध्ये अजून ‘टू’ लागत नाही, ते त्या जुन्या विभक्तीचंच उरलेलं रूप. आपलं ‘घरी’ही तसंच, सप्तमीचा जुना ‘ई’ धरून बसलेलं. दोन्ही भाषांनी घरासाठीच जुनी वाट राखून ठेवली आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

फळा_खडू

‘पर्यंत’ची गोष्ट वाचून गप्प झालो. अकरा वर्षांत मी ‘डिस्कस अबाऊट’ शेकडो वेळा दुरुस्त केलं असेल, टिल आणि बायवर एक अख्खा तास कधीच दिला नाही. कोकणीदादांची विभागणी घेतो: अर्थ उलटतो ते आधी, कानाला खटकतं ते नंतर. पण नंतर का होईना, घेणार. मुलाखतीत ‘मॅरीड विथ’ ऐकून समोरच्याच्या भुवया वर जातात, आणि ते माझ्या विद्यार्थ्यालाच सोसावं लागतं.

बाई, तक्त्याबद्दल माझं मत अजून तेच आहे.

झेडपीच्या_बाई

माझंही तेच आहे, सर. तक्ता भिंतीवर राहील. पण शेजारी आता एक घर काढणार आहे, त्यात आत, वर, खाली काही दाखवायचं नाही. खाली फक्त लिहायचं: मी घरी आहे, आय ॲम ॲट होम. मी घरी जाते, आय गो होम. मांजर कुठे बसवायचं ते मुलं ठरवतील.